परदेशी ताईची खरेदी

ताई विमानतळावरून थेट नर्सरीतच आली. बॅग दारात टाकली, चपला काढल्या आणि ओल्या मातीत अनवाणी उभी राहिली. एकसष्ट वर्षांची बाई, पण डोळे असे भरून आले की धाकटा भाऊ उगाचच नळाची तोटी तपासायला लागला.

भाऊ लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून गुंड्या, तो पंचावन्नाव्या वर्षीही गुंड्याच. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. सगळा संसार कुंड्यांशी केला. आता गुडघे कामातून गेले होते, म्हणून त्याने नर्सरीची दीड एकर जमीन विकायला काढली. गिऱ्हाईकही मिळालं होतं. पण फोनवर हे ऐकताच ताईने तिकडून फर्मान सोडलं, "खबरदार कुणाला दिलीस तर! मीच विकत घेते."

इथेच वडील पेरूची कलमं बांधायचे. त्यांच्या चाकूला कुणी हात लावायचा नाही. पट्टी गुंडाळायचं काम मात्र ताईचं, कारण तिची बोटं बारीक. गुंड्या तिच्या कडेवर. एका हाताने त्याला सावरायचं, दुसऱ्याने पट्टी धरायची आणि गाठ दातांनी आवळायची. "घट्ट बांध पोरी, पण गळा दाबू नकोस," वडील म्हणायचे. पुढे चाळीस वर्षं ताईने परदेशात दातांच्या कवळ्या बनवल्या, तिथलं नागरिकत्व घेतलं, नवऱ्याला शेवटचा निरोपही तिथेच दिला. पण त्या पेरूच्या कलमांशेजारी होतं तेवढं सुख तिला पुन्हा कुठे मिळालं नाही. उरलेली वर्षं तिला इथेच काढायची होती.

दुसऱ्या दिवशी दोघं नोंदणी कचेरीत गेली. कारकून बाईंनी ताईचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला.

"तुम्ही परदेशी नागरिक. फ्लॅट घ्या, दुकान घ्या. शेतजमीन नाही घेता येणार."

"अहो, मी जन्मले इथे!"

"जन्माला कोण नाही म्हणतंय? पासपोर्ट तिकडचा आहे ना."

"पण ही नर्सरी आहे, शेत कुठे?"

"आमच्या दप्तरात शेतच."

"मी बक्षीस दिली तर?" गुंड्याने विचारलं.

"तेही चालत नाही. परदेशी माणसाला शेतजमीन फक्त वारसाने मिळते. वडिलांच्या माघारी यांचा अर्धा वाटा लागला असेल की. तो कायद्याने यांचाच राहतो."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. वडील गेले तेव्हा याच कचेरीत तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. गुंड्या तेव्हा विनवण्या करत होता, "ताई, राहू दे की तुझं नाव." पण बाईसाहेबांना मोठेपणाची कोण हौस! "भावाच्या तोंडचा घास काढू होय? मला काय करायचीय माती?" असं म्हणून झोकात सही ठोकली होती. हक्क सोडला की माहेर पक्कं राहतं, असं आत्या-मावश्यांकडून ऐकतच ती मोठी झाली होती.

"आता काहीच करता येणार नाही?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"एकच होईल. भावाने मृत्युपत्रात तुमचं नाव घालायचं. त्यांच्या माघारी जमीन तुमची."

गुंड्याची कळी खुलली. "मग काय, सोपंय! विकतच नाही मी. द्या बाई, कागद द्या."

"आणि गुडघे?" ताईने विचारलं.

"ढकलीन कसेबसे. तुझं नाव लागल्याशी कारण."

त्याने पेन हातात घेतलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांनी धाकटा. म्हणजे जमीन हातात यायची तर आधी याला पोहोचवायचं, आणि मग मातीत उभं राहायचं. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ताई, तुला हवी होती ना ती जमीन?"

"हवी होती. अजूनही हवीय!" ती सगळ्या कचेरीदेखत रडायला लागली. "पण गधड्या, तुला कडेवर वागवलंय मी. आता तू जायची वाट बघत बसू?"

कारकून बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ताईने तो एका दमात संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. जमीन दे आणि गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे."

गुंड्याने नंबर लावला खरा, पण पलीकडून 'हॅलो' येताच फोन ताईपुढे धरला. ताईने तो कानाला लावला.

"नमस्कार. जमीन द्यायची ठरलीय," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मी? मी मालकाची बहीण."