रोशनाराची तक्रार

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कारखान्यात सुषमा साड्यांना खडे चिकटवायची. शेजारी रोशनारा बसायची. सुषमा अमळनेरकडची, रोशनारा बंगालातल्या मालद्याची. नवरा गेल्यावर लेक आईपाशी ठेवून एकटीच आलेली. मोडक्यातोडक्या हिंदीवर दोघींचं चार वर्षं चांगलं जमलं होतं.

एका दुपारी सुपरवायझर हेमराजने रोशनाराला माल काढायला माळ्यावर बोलावलं. ती खाली उतरली तेव्हा बाही फाटलेली, ओठ सुजलेला. सुषमाने पाणी पाजलं आणि तिला घरी नेलं.

रोशनाराला तक्रार करायचीच नव्हती. त्या दिवसांत पोलीस बंगाली बोलणाऱ्यांना बांगलादेशी म्हणून उचलत होते. ती आईशी फोनवरसुद्धा दार लावून बोलायची. सुषमाच्या नवऱ्यानेही, गोपालने, तिला समजावलं, "आपले काय करनं शे? चूप ऱ्हाय." पण सुषमाला ते पटेना. आधार कार्ड आहे, मतदान कार्ड आहे, मग भ्यायचं कशाला? तिनेच रोशनाराला हाताला धरून चौकीत नेलं.

तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाने नाव विचारलं, गाव विचारलं, तिचं बोलणं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. आधार काय, कोणीही काढतं, म्हणाला. जन्माचा दाखला आण. हेमराजचं नाव कागदावर आलंच नाही. सुषमाला बाहेर बसवलं. तासाभराने रोशनाराला न्यायला पोलिसांची गाडी आली. तिच्यात चढताना रोशनाराने वळून विचारलं, "दीदी, शिकायत तो मैंने की थी ना?"

सुषमाने मालद्याला फोन लावला. पंचायतीतून दाखला मिळवून रोशनाराचा भाऊ सुरतेला पोचायला नऊ दिवस गेले. तीन दिवसांपूर्वीच तिला सीमेपार सोडलं, असं त्याला सांगण्यात आलं. भाऊ दाखला हातात धरून तसाच उभा राहिला. सुषमाला त्याच्याकडे बघवेना.

पंधरा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. रोशनारा सीमेवरच्या नदीपलीकडे कुणाच्या तरी पडवीत राहत होती. "इधर के लोग बोलते हैं, तू इंडिया की है, वापस जा," ती म्हणाली. मग तिने हेमराजचं विचारलं. तो कामावरच आहे, हे सुषमाला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुषमाने हे बायकांना सांगितलं. धुळ्याची रंजना डबा तसाच ठेवून उठली. मलाही त्याने माळ्यावर नेलं होतं, म्हणाली, गेल्या दिवाळीत. त्याच दुपारी दोघी चौकीत गेल्या. रंजनाचा दाखला कुणी मागितला नाही. आठवड्याभरात हेमराजला पकडलं.

रंजनाच्या तक्रारीत रोशनाराचं नाव घाला, असं सुषमाने तीनदा सांगून पाहिलं. ती बाई इथे नाही, तर घालायचं कसं, असं उत्तर मिळालं.

हेमराजला पकडल्याचं रोशनाराला सांगावं म्हणून तिने त्या नंबरवर फोन केला. पडवीच्या मालकाने उचलला. ती गेल्या मंगळवारी निघून गेली, म्हणाला. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.