सचिनला गेलेली पाटीभर माती

मित्रांनो, चपला बाहेर काढून या. मी सुरतेच्या पांडेसऱ्यातला एक जुना कुस्तीचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे तरी काय, एक खड्डा आणि त्यातली माती. माझी माती तापीच्या गाळाची. तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते आणि माझी माणसंही तिकडचीच. एकाच वाटेने आलेलो आम्ही, आमचं जमणारच होतं.

सुपडू वस्तादांनी मला खणलं. माती चाळून तिच्यात हळद, तिळाचं तेल आणि शेजारच्या धुरपदाबाईंच्या म्हशीचं ताक कालवलं. मग मिलमध्ये कापड रंगवून माणसं माझ्याकडे येऊ लागली. कुणाचे हात निळे, कुणाचे गुलाबी. थोडा थोडा रंग माझ्यातही उतरायचा आणि दुपारच्या सामसुमीत मला रंगीत स्वप्नं पडायची. नागपंचमीच्या दंगलीला तर माझा थाट विचारू नका! हलगी कडाडली की मी कणाकणाने शहारत असे.

शहाण्णव साली कुस्ती मंडळाला सचिनमध्ये जागा मिळाली. सचिन म्हणजे सुरतेबाहेरची कारखान्यांची वसाहत. तिथे पत्र्याची शेड होती, बसायला पायऱ्या होत्या. आखाडा तिकडे हलवायचा की नाही, यावर माझ्याच काठावर सभा भरली.

"काका, इथं जग्याच नाय," मंडळाचा तरणाबांड अध्यक्ष योगेंद्र म्हणाला. "दंगलीला लोक भिंतीवर चढून बसतात. एवढा मोठा चान्स सोडायचा?"

"बारा घंटा रंगखातामा उभं राहीसन सचिनले कोन जाई रे भो?" वाल्मिक पहिलवान उसळला.

शब्दाने शब्द वाढला, प्रकरण हमरीतुमरीवर आलं. तेवढ्यात सुपडू वस्ताद हळूच म्हणाले, "मना इचार करू नका. मी म्हातारा शे."

मित्रांनो, वस्तादांना दिसत नव्हतं फारसं. पायाखालची वाट ओळखून ते रोज माझ्याकडे येत. ना बायको, ना लेकरं. मी गेलो तर त्यांनी संध्याकाळी जायचं कुठे?

माझ्यासाठी ताकाची कळशी घेऊन आलेल्या धुरपदाबाई हे सगळं ऐकत होत्या. त्या एकदम कडाडल्या, "आख्खं दही कोनी ली जास का रे? इरजनपुरतं ली जा!"

विरजण कुणाला ठाऊक नव्हतं? दुसऱ्या दिवशी माझी पाटीभर माती टेम्पोतून सचिनला गेली आणि तिथल्या नव्या मातीत कालवली. बाकीचा मी इथेच राहिलो, वस्तादांपाशी.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी जगतो. तिकडे कुणी चितपट झालं की इकडे माझी माती जराशी हलते. डोळा लागला की तिकडच्या टाळ्या ऐकू येतात. दंगल तिकडेच भरते. सगळ्यांत मोठ्याने भांडलेला वाल्मिकही आता सुट्टीच्या दिवशी सायकल मारत सचिनलाच जातो. मी रागावत नाही. तिकडेही मीच तर आहे.

पण आखाड्याची माती रोज खणावी लागते, नाहीतर ती दगडासारखी होते. इथे खणायला एकटे वस्तादच उरले आणि आता फावडं त्यांना उचलत नाही. काल संध्याकाळी काठावर त्यांचा पाय अडखळला. ते माझ्यावर पडले. कोपर सोलून निघालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लागनं नही. तू कसाले घाबरस?"

मित्रांनो, मला हलगी नको, टाळ्या नकोत. तुमच्यापैकी कुणीतरी या आणि मला थोडं खणा, थोडं ताक शिंपडा. आज संध्याकाळी वस्ताद पुन्हा येतील. त्याआधी मला मऊ करा.