मधले दोन डबे

वादळानंतरच्या सहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता थोरल्या सुनेनं पिठाचा तिसरा डबा उघडला, आत पाहिलं, आणि झाकण हळूच परत लावून टाकलं. आवाज होऊ नये म्हणून तिनं ते कडेकडेनं अंगठ्यानं दाबलं.

पिठाला जाळी धरली होती. नुसती जाळी असती तर चाळून भागलं असतं. या घरात त्याहून वाईट गोष्टी चाळून, पाखडून, ऊन दाखवून सुधारल्या गेल्या होत्या. पण तिनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं तर ते कडू लागलं. खवट वास नाकात भरला. तिनं चौथा डबा उघडला. तोही तसाच.

कुणी पाहिलं नव्हतं. सासूबाई खिडकीपाशी बसून पाण्याच्या बाटल्या मोजत होत्या आणि धाकटी सून स्वयंपाकघरात पाणी उकळत होती. उकळी फुटल्यावर ती घड्याळाकडे बघायची. पाणी उकळायलासुद्धा तिला घड्याळ लागायचं.

घरात सध्या या तिघीच. थोरला मुलगा वीजखात्यात लाइनमन. शहरभर खांब आडवे झालेले, त्यामुळे तो सहा दिवसांत दोनदा येऊन फक्त मोजे बदलून गेला होता. धाकटा कामासाठी परगावी गेला तो पूल बंद पडल्यामुळे तिकडेच अडकला. वीज नाही, नळाला गढूळ पाणी, दुकानांची शटरं खाली. पण या घराचं काही अडलं नव्हतं, कारण सासूबाईंनी अडीनडीची तयारी हा आयुष्याचा धंदाच केला होता. त्या नवीन लग्न होऊन आल्या त्या वर्षी पूल वाहून गेला होता आणि आठ दिवस घरात फक्त मीठ आणि कांदे उरले होते. तेव्हापासून त्यांनी एक कपाट आणि एक वही कधी रिकामी ठेवली नाही. वहीत सगळं होतं: माणशी किती लिटर पाणी, कुठला डबा कधी भरला, मेणबत्त्या किती, घराची कागदपत्रं कुठल्या पिशवीत, पिशवी कुठल्या खिळ्याला.

त्या वहीवर थोरलीचा जीव होता. चौदा वर्षं तिनं सासूबाईंच्या हाताखाली काढली होती. जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या, साबणाचे तुकडे वितळवून वड्या केल्या, मेणबत्त्यांचं गळलेलं मेण खरवडून पुन्हा वाती ओतल्या. सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते आणि डोळे बारीक अक्षर वाचू देत नव्हते. वही आज ना उद्या दुसऱ्या हातात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. तो हात आपला, यात थोरलीला कधी शंका नव्हती. मग धाकटी आली.

धाकटी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती घरात आली तीच चिकटपट्टी आणि काळा पेन घेऊन. आपण भरलेल्या प्रत्येक डब्याला ती कागदाचा तुकडा डकवायची, त्यावर तारीख. थोरलीनं तिचं नाव ‘तारीखबाई’ ठेवलं.

“तारीखबाई, माझ्या नवऱ्यालाही एक चिठ्ठी लावून दे गं,” ती म्हणायची. “कधीपर्यंत टिकतोय ते तरी कळेल.”

“भरल्याची तारीख माहीत नाही ना, ताई,” धाकटी गंभीरपणे म्हणायची. “त्याशिवाय कसं सांगणार?”

यावर सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. थोरलीच्या विनोदाला नव्हे, धाकटीच्या उत्तराला. थोरलीला ते बरोबर कळायचं. विनोद माझा, हसू तिला! तिच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं ते थांबलं नव्हतं. हल्ली तर वही उघडली की सासूबाई हाक मारायच्या, “अगं धाकटे, हे तेल किती दिवस जाईल गं?” चौदा वर्षांत थोरलीला त्यांनी तेल किती दिवस जाईल हे कधी विचारलं नव्हतं. तेल संपलंय, आण, एवढंच सांगितलं होतं.

स्वतः भरलेल्या डब्यांना थोरली चिठ्ठी लावत नसे. “मला पाठ असतं,” ती म्हणे. धाकटीच्या चिठ्ठ्याही डबा रिकामा झाला की गरम पाण्यानं घासून काढी.

पण चिठ्ठ्यांपेक्षा तिला सलत होतं ते दुसरंच. दोघींची स्वयंपाकाची पाळी आठवड्याची होती. एक आठवडा ही, एक आठवडा ती. पीठ आठवड्याला तीन डबे लागायचं. कपाटात पिठाचे पाच डबे एकापाठी एक, खोल रांगेत उभे. सगळे एकाच बेकरीच्या मोडीतून आणलेले, जुळ्या भावंडांसारखे एकसारखे. सासूबाईंचा नियम साधा होता: पुढचा डबा काढायचा, रांग आपल्याकडे ओढायची, नवा भरलेला मागे ठेवायचा. थोरली स्वयंपाकघरातून कपाट उघडायची. धाकटीची खोली पलीकडच्या बोळात, म्हणून ती बोळातून उघडायची. कारण स्वयंपाकघर आणि बोळ यांच्या मधोमध उभ्या त्या कपाटाला पाठ नव्हती. धाकटीच्या लग्नात नवं टेबल कशाला विकत घ्यायचं म्हणून सासूबाईंनी कपाटाची पाठफळी काढून तिचं टेबल करून दिलं होतं.

आणि थोरलीनं किती वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं! आपण शनिवारी ताजं पीठ भरून ठेवावं आणि सोमवारी या बयेनं नेमका तोच डबा उघडावा. जुनं शिळं राहू दे, ताजं मात्र हिला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदोनदा तिनं बोलून दाखवलं होतं, “ताजंच बरं आवडतं काही जणांना,” आणि धाकटीनं विचित्र नजरेनं बघून म्हटलं होतं, “हो ना, ताई. काही जणांना.” केवढा तो उद्धटपणा!

आता हे दोन डबे. थोरलीनं हात धुतले आणि कपाटासमोर उभी राहिली. तिचे पुढचे दोन डबे या वादळात संपले होते. तांदूळ कालच संपले. डाळ अर्धा डबा. रांगेत उरले तीन डबे: हे दोन खराब आणि बोळाकडच्या टोकाला एक, आठवड्याच्या सुरुवातीला तिनंच भरलेला, चांगला. घरात पिठाची माहिती ठेवायचं काम कुणाचं? सासूबाई कुणाला विचारतात? तारीखबाईला. मग डब्यात अळ्या निघाल्या तर उत्तर कुणी द्यायचं?

ती काही बोलली नाही. अजून ठरवलंही नव्हतं तिनं काही. नुसतं बोलली नाही.

बाराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरची नर्स दारात आली. रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले. घरात दोन लहान मुलं आणि आंधळा सासरा.

“काकू, लाज वाटते मागायला,” ती सासूबाईंना म्हणाली. “दुकान उघडलं की लगेच परत करीन. मुलांपुरतं काही असलं तर...”

सासूबाईंनी मान वळवली. “काय गं धाकटे? देता येईल?”

धाकटीनं बोळातून कपाट उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर चांगला डबा होता आणि त्यामागे आणखी दोन.

“येईल, आई. हा दिला तरी मध्ये दोन डबे आहेत. तिघींना पाच दिवस निघतील. तोपर्यंत पूल उघडेल.”

“नक्की?”

“नक्की.”

थोरली चार हातांवर उभी होती. एक शब्द पुरला असता. ‘थांब’ म्हणायला काय लागतं? पण सासूबाईंचं ते ‘देता येईल?’ तिच्या कानात वाजत होतं. म्हणू दे तिला नक्की. एकदाच कळू दे सगळ्यांना तिचं नक्की किती नक्की असतं. थोरलीनं तोंडात गुळणी धरल्यासारखी जीभ दाबून धरली. नर्सनं डबा छातीशी धरला आणि तीन तीनदा आभार मानत जिना चढून गेली.

दुपारभर थोरली विलक्षण कामसू झाली. तिनं सगळी भांडी राखेनं घासली, फडकी वाळत घातली, रिकाम्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. आपल्याला आनंद होतोय असं तिला वाटत होतं, पण लावलेल्या बाटल्या तिनं पुन्हा मोडून पुन्हा लावल्या.

संध्याकाळी सहाला, थोरली अजून भांड्यांतच गुंतलेली पाहून, धाकटी परात घेऊन आली. सासूबाई टेबलापाशी मेणबत्ती लावत होत्या. धाकटीनं मधला डबा काढला, झाकण उघडलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं दुसरा उघडला.

“आई,” ती म्हणाली. “हे खराब आहे. दोन्ही.”

सासूबाई उठल्या, डब्यात वाकल्या, वास घेतला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “तू नक्की म्हणालीस,” त्या म्हणाल्या. “तू चिठ्ठ्या लावतेस, तारखा लिहितेस, आणि घरातलं शेवटचं पीठ देऊन टाकलंस. मी तुझ्या भरवशावर हो म्हटलं.”

“रांग सरकते, असं मी धरून चालले, आई. उघडून बघायला हवं होतं.”

“हवं होतं.” सासूबाईंनी वही उचलली आणि थोरलीपुढे धरली. “घे. आजपासून हे तुझ्याकडे. चौदा वर्षं केलंस, निदान अळ्या तरी नाही निघाल्या कधी.”

वही थोरलीच्या हातात आली. वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी होती. धाकटी रडली नाही, भांडली नाही. तिनं टेबलावर पाच कप रांगेत मांडले, त्यातले पलीकडच्या टोकाचे दोन पालथे.

“हे काय आता?” सासूबाई करवादल्या.

“एक मिनिट, आई. हे खराब कसं झालं ते बघायचंय.” ती टेबलाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहिली. “ही ताईंची बाजू. ताई पुढचा कप काढतात, रांग ओढतात, नवा मागे ठेवतात. असं तीनदा.” पालथे कप सरकत सरकत या कडेला आले. मग ती फिरून पलीकडच्या टोकाला गेली. “आता माझी पाळी. माझा पुढचा म्हणजे ताईंचा मागचा. त्यांनी आत्ताच भरलेला. मी तोच काढते. रांग माझ्याकडे ओढते. नवा मागे, म्हणजे त्यांच्या पुढे.” पालथे कप निमूटपणे परत गेले. तिनं पुन्हा केलं. पुन्हा ते इकडे आले, पुन्हा तिकडे गेले. रांगेबाहेर मात्र एकदाही पडले नाहीत.

“म्हणजे हे दोन डबे...” सासूबाई म्हणाल्या.

“पाठफळी काढली तेव्हापासूनचे. दोन वर्षं नुसते डुलतायत. नियम कुणीच मोडला नाही.” धाकटी थोरलीकडे वळली. “मला वाटायचं, ताई मुद्दाम मी भरलेलं ताजं तेवढं काढून घेतात. फार राग यायचा मला. माफ करा.”

थोरलीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला जुनीच कळ आली, आणखी जोरात. हेसुद्धा हिनंच शोधून काढायचं! वही हातात असूनही टेबलाभोवतीचा उजेड पुन्हा तिच्याकडेच.

“लिहून ठेव,” सासूबाई थोरलीला म्हणाल्या. “दोन डबे खराब. तारीख, वेळ. संध्याकाळी सहा.”

थोरलीनं पेन उघडलं. तारीख लिहिली. ‘सं’ लिहिलं आणि पेन थांबलं. या वहीत चौदा वर्षांत एक वेळ खोटी लिहिली गेली नव्हती. तिनं ते अक्षर खोडलं.

“सकाळी आठ,” ती म्हणाली.

“काय सकाळी आठ?”

“मी उघडले होते. दोन्ही. सकाळी आठला.”

मेणबत्तीची वात तडतडली. धाकटीनं हातातला कप खाली ठेवला. “मग मी नर्सला डबा देत होते तेव्हा?”

“तेव्हा मी इथं उभी होते.”

“आणि बोलला नाहीत.”

“नाही.”

“का, ताई?”

थोरलीला पुष्कळ कारणं सुचली. सगळी पाठ होती तिला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “तू चुकावंस म्हणून. एकदा तरी, त्यांच्यादेखत.”

सासूबाईंनी हात पुढे केला आणि थोरलीनं वही त्यावर ठेवली. सासूबाईंनी ती कुणालाच दिली नाही. बसल्या जागी मांडीखाली सरकवून घेतली.

“खायचं काय ते सांगा आता,” त्या म्हणाल्या. “दोघीही शहाण्या आहात.”

“डाळ आहे, पण दोन दिवसांचीच,” धाकटी कोरड्या आवाजात म्हणाली.

“मी वर जाते,” थोरली म्हणाली. “अर्धा डबा परत मागून आणते.”

“दिलेलं पीठ परत मागणार? तिच्या पोरांच्या तोंडासमोरून?” सासूबाईंचा आवाज चढला. “काय सांगशील तिला?”

“जे झालं ते.”

धाकटीनं फडताळातून एक पातेलं काढलं, आतून फडक्यानं पुसलं आणि थोरलीपुढे धरलं. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती.

“हे घेऊन जा. अर्ध्याहून कमीच मागा. तिच्याकडे माणसं जास्त आहेत.”

थोरलीनं पातेलं घेतलं. जिन्यात अंधार होता. ती कठड्याला धरून चढली. खालून धाकटीचं काहीतरी बोलणं ऐकू आलं आणि त्यावर सासूबाईंचं खालच्या आवाजातलं उत्तर. काय बोलत असतील, हे तिला इथून कळत नव्हतं. ती चार पायऱ्यांवर थांबून कान देऊन उभी राहिली, मग स्वतःचीच चीड येऊन उरलेल्या पायऱ्या भराभर चढली आणि नर्सच्या दारावर थाप मारली.