सहा टिंब अकरा

बत्तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासून निवृत्त झालेल्या आजोबांना स्वतःच्या नातवाचं वजन काही केल्या उमगेना.

मुलगी बाळंत झाली परदेशात. तिथे बाळांना पौंडात मोजतात. पहिल्या दिवशी तिचा निरोप आला : ६.११. आजोबांनी चष्मा चढवला, पौंडाचे किलो केले आणि आलेखाच्या कागदावर ठिपका दिला. पावणेतीन किलोच्या जरा वर.

"नाजूकच आहे," ते आजींना म्हणाले.

पाचव्या दिवशी आलं ६.५. ठिपका वर चढला आणि आजोबाही हवेत. जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगत सुटले, "पाच दिवसांत पावणेदोनशे ग्रॅम!"

बाराव्या दिवशी ६.१३. ठिपका धाडकन खाली. आजोबांनी थेट मुलीला फोन लावला.

"अगं, पोराचं वजन उतरलंय!"

"बाबा, नर्स तर वाढलं म्हणाली."

"नर्सला काय कळतंय? कागद माझ्यासमोर आहे!"

वजनाच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ. त्यातून पोरीला बारा दिवस धड झोप नव्हती. तिनं बाळाला गुंडाळलं आणि रडतच दवाखाना गाठला.

इकडे आजोबांनी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा उत्तर तेच. मग नर्स वाढलं कसं म्हणते? आजी नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

दोन तासांनी जावयाचा फोन आला.

"बाबा, बाळ छान आहे. अहो, ते टिंब हिनं घाईत टाकलं. सहा पौंड, तेरा औंस."

पौंडात सोळा औंस असतात हे आजोबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या एका टिंबानं त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. त्यांनी नवा कागद घेतला. जन्मताना तीन किलो तेहेतीस ग्रॅम. आज तीन किलो नव्वद. पण मधला ठिपका?

"पाचव्या दिवशी... कमी झालं होतं?"

"हो. सुरुवातीला होतंच तसं, पण आम्ही घाबरलो होतो."

आजोबा दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. धीर द्यायचा त्या दिवशी आपण जिन्यात नाचत होतो, आणि आनंद करायचा त्या दिवशी पोरीला रडवलं. हे कुठल्या तराजूत घालायचं, त्यांना कळेना.

"पोरीला द्या जरा," ते कसंबसं म्हणाले. "बाळा, चुकलं माझं."

"बाबा, मला तर आता माझं स्वतःचं वजनही खरं वाटत नाही," ती म्हणाली. ती हसतेय की रडतेय, हेही त्यांना नीट समजलं नाही.

आजींनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

"ते राहू दे गं. तू जेवलीस का?"

पलीकडून बारीक आवाजात आलं, "कालपासून नाही, आई."