ओल्या हाताचं लोणचं

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो, आणि आज माझ्या पोटात बैलांचं मीठ आहे. हसा, हसा. एके काळी आसेगावच्या बाया माझ्यासमोर तोंडाले पदर लावून बसत, की कोणाचा श्वासही लोणच्याले लागू नये.

माझी माती कुठली, मले ठाऊक नाही. भट्टीत भाजली, अंगावर चकचकीत पिवळा रंग चढला आणि तणसात गुंडाळून आगगाडीनं कारंज्याले आली. तिथं दुकानदार गफ्फारमियाँनं मले नखानं वाजवलं आणि समोरच्या नव्या नवरीले म्हणाले, "टण्ण वाजली ना भाभी? चीज एक नंबर हाय!" ती नवरी म्हणजे चतुराबाई. बैलगाडीत तिनं मले मांडीवर धरून आसेगावले आणलं. नवरा शेजारी बसला होता, त्याच्याकडं पाह्यलंही नाही.

मग दरसाल तोच थाट. मळ्यातली कैरी अडकित्त्यानं फोडायची, फोडी पुसून कोरड्या करायच्या. निखाऱ्यावर हिंग टाकून मले त्यावर पालथी धरायची. धुरानं माझा जीव घाबरा व्हायचा, पण बरणीचं कोण ऐकते? मोहरी, मेथी, तिखट, तिळाचं तेल पडलं, की तोंडाले फडकं बांधून माजघराच्या कोपऱ्यात बसायचं. महिन्याचे चार दिवस बाई अंगणात वेगळी बसे, तिले 'बाहेरची' म्हणत. तिची सावली पडली तर लोणचं नासते, असा कायदा होता. ओल्या हातानंही नासते, हे चतुराबाईले पक्कं माहीत होतं. पण कोणाचा हात ओला होता, हे शोधण्यापेक्षा सावली सोपी पडते, मित्रांनो.

लढाईचे दिवस आले. तेल मिळता मिळेना. चतुराबाई आता सासू झाली होती, आणि तिची सून होती मेडशीची प्रयाग. प्रयागचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. लोक म्हणाले, नजर लागली. म्हणून या खेपेले दिवस राह्यले, तेव्हा तिनं तोंडच उघडलं नाही. दर महिन्याले चार दिवस खोटी खोटी अंगणात जाऊन बसायची. अख्खं गाव फसलं. मले तर लय मजा वाटली!

चतुराबाईचा नवरा जानराव म्हणजे गावचा पंच. गुडघे धरले म्हणून वैद्यानं त्याचं आंबट बंद केलं होतं. सासरा घरात येताना खाकरते आणि सून पदर ओढून आड होते, अशी रीत. एका दुपारी प्रयाग डाळ निवडत होती, आणि जानराव खाकरलाच नाही. विहिरीवरून हातपाय धुऊन आला, माझं फडकं सोडलं आणि निथळता हात कोपरापर्यंत आत घातला. फोड तोंडात टाकून मागं पाह्यलं, तर सून! सासऱ्याशी सून बोलत नाही. जानरावानं मिशी पुसली, आणि मग खाकरला. पुढं ते रोजचंच झालं.

श्रावणात चतुराबाईनं फडकं सोडलं, तर वर पांढरी बुरशी आणि असा वास, की मलेच माझी लाज वाटली.

"काहून वं प्रयागे? बाहेरची असताना हात लावला ना तू?"

"नाई आत्याबाई."

"मंग काय उंदरानं फडकं सोडलं?"

प्रयागचा भाऊ इंद्रभान नेमका तिले सणाले न्यायाले आला होता. चतुराबाई त्याले म्हणाली, "ने तुह्या बहिनीले, कायमची ने. आज लोनचं नासवलं, उद्या घर नासवंल."

प्रयागनं पदर पुढं ओढला. शेवटी ती बोलली. "आत्याबाई, हे लोनचं घातल्यापासून मी बाहेरची झालीच नाई. मले दिवस हायेत. नजर लागू नये म्हनून खोटी बसत होती."

मले वाटलं, सुटली पोरगी! आता सासू कवटाळते.

"म्हंजे मले फसवलं? माह्या अंगनात बसून मलेच?" चतुराबाई ओट्याकडं वळली. "आयकलं का, तुमची सून काय म्हनते ते?"

जानराव ओट्यावर चिलीम ओढून राह्यला होता. ती कधीच विझली होती, तरी ओढत होता. सगळे त्याच्या तोंडाकडं पाहू लागले. पंच बोलला, "आपल्या घरात खोटं चालत नाई."

झाला न्याय.

गाडीत बसल्यावर प्रयाग पदराआडून, लय अदबीनं म्हणाली, "आत्याबाई, बरनीजवळच्या खुंटीले कोरडं फडकं टांगलं हाय. विहिरीवरून आल्यावर मामाजीले हात पुसाले लागते."

चतुराबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं. त्याच्या मिशीकडं पाह्यलं. तिले समजलं, मित्रांनो, मी शपथेवर सांगते, तिले सगळं समजलं. मग ती म्हणाली, "इंद्रभान, हाक गाडी. पावसाच्या आत पोचा."

लोणचं उकिरड्यावर गेलं आणि मी गोठ्यात. "जुनी बरनी हाय, आता लोनचं धरत नाई," असं ती बायांले सांगते. मेडशीहून निरोप आला, प्रयागले मुलगी झाली. गोठ्यातून मले घरची गाडी दिसते. ती बाजाराले जाते, जत्रेले जाते. प्रयागले आणाले मेडशीले अजून जुंपली नाही.

म्हणून विनंती करते. बरणी धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, कोरड्या हातानं लोणचं काढा. आणि नासलंच, तर सावली मोजत बसू नका, घरातले हात पाहा. आमच्या घरी कोणी पाह्यले नाहीत. तिथं आजही सगळ्यात पहिलं ताट त्याच ओल्या हातासमोर वाढतात.