ठकीची ऊब राखणारा थर्मोस्टॅट

मित्रांनो, स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. माझा जन्मच मुळी उठाठेवीसाठी झाला. मी एक जुना थर्मोस्टॅट आहे, म्हणजे ऊब राखणारी, साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी. गार झालं की हीटर लावायचा, पुरेसं तापलं की बंद करायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा बंद. शाळेत घंटा वाजवणाऱ्या शिपायालासुद्धा दोन तासांच्या मधे डुलकी काढता येते. मला तीही मुभा नव्हती.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. एका बाईंनी माझं चाक फिरवून पाहिलं, शिक्का मारला आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एकदम कुवेतमध्ये, फहाहीलच्या बाजारात, फारूकच्या विजेच्या सामानाच्या दुकानात. साल अठ्ठ्याण्णव असावं. पंखे हातोहात खपायचे, मी मात्र धूळ खात पडलो होतो. एके दिवशी प्रीतम आला. मूळचा कुडाळचा, जवळच्याच अहमदीला एका तेलकंपनीत मीटर दुरुस्त करणारा. त्याने मला मागितलं तेव्हा रत्नागिरीचा फारूक हसायला लागला.

"इथे लोक गारव्यासाठी जीव टाकतात आणि तुम्हाला ऊब हवी?"

"माका नको, सापांका होयी," प्रीतम म्हणाला.

फारूकचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने मला असं लांबून पुढे केलं, जणू मीच साप.

आता तुम्ही विचाराल, त्या वाळवंटात सापांना ऊब कशाला? अहो, घराबाहेर आग, पण घरात एसी रात्रंदिवस गुरगुरत असतो. सापाचं अंग आतून तापत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच खाल्लेलं पचतं. प्रीतमने आतल्या खोलीत एक मांडणी केली होती. कपाटाच्या खणांसारखे एकावर एक प्लास्टिकचे डबे, प्रत्येकात एक साप, आणि डब्यांच्या मागच्या अंगाला तळाशी हीटरची पट्टी. मागे उबदार, पुढे गार. ज्याला जसं हवं तसं त्याने सरकावं. माझ्यापासून एक तार निघते, तिच्या टोकाला छोटी कांडी असते. तिला मी माझं बोट म्हणतो. ते बोट पट्टी आणि डबा यांच्यामधे चिकटवलं होतं. मित्रांनो, गार-गरमाचं मला बोटाला जाणवतं तेवढंच कळतं.

सगळ्यात वरच्या डब्यात ठकी राहायची. आफ्रिकेतल्या जातीची छोटी अजगरीण, मनगटाएवढी जाड, दिवसभर वेटोळं करून झोपणारी. प्रीतमचा तिच्यावर भारी जीव. "ह्या डबीच्या जीवावर मी बिनघोर ड्युटीक जातंय," असं तो लोकांना सांगायचा. मी फुगून जायचो, पण कौतुक ऐकत बसायला वेळ कुणाला होता?

त्याची बायको मुक्ता इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ती सापांना भ्यायची आणि मानायचीही. डब्याला तिने कधी बोट लावलं नाही, पण दारातून नमस्कार न चुकता करायची.

मग ती नागपंचमी आली. प्रीतम कामावर, मुक्ताला सुट्टी. सणाचा दिवस म्हणून तिने गॅसवर तवा ठेवला नाही, सुरीला हात लावला नाही, पातोळ्या वाफवल्या. घरात साक्षात नाग असताना चित्राची पूजा कशाला, असं तिच्या मनात आलं. देवाचं तोंड मात्र पूर्वेला हवं. तिने अख्खी मांडणी धरली आणि फिरवली. माझी तार आखूड. माझं बोट हिसक्याने निघालं आणि एसीच्या झोताखाली लोंबकळू लागलं.

काय सांगू तुम्हाला ती घालमेल. गार, नुसतं गार. मी हीटर लावला आणि बंद करण्याची वेळच येईना. मला वाटलं, माझे साप गारठून मरतायत. तवा ठेवायचा नाही अशा दिवशी त्यांच्या पाठीशी तवा तापत होता आणि तो मीच तापवत होतो.

मुक्ताने पुढे रांगोळी काढली, दूध ठेवलं, उदबत्ती लावली. तेवढ्यात दिवसा कधी न हलणारी ठकी सरसर पुढे आली आणि डब्याला नाक घासू लागली. मुक्ताचे डोळे भरून आले. "पावलंस रे म्हाराजा," म्हणत तिने हात जोडले. ठकी नाक आपटत राहिली आणि मुक्ता हात जोडून बसून राहिली. मग आनंदाने तिने प्रीतमला फोन लावला.

"अहो, ठकी फुडे येवन नमस्कार घेता."

"दिवसा?" पलीकडून प्रीतमने विचारलं. "डब्याच्या मागे हात लावन बघ."

"माझो हात धजणा नाय."

"वॉर्डात पोरांचो ताप बघतंस तसो बघ. उलट्या हातान."

तिने हाताची पाठ लावली आणि चटकन मागे घेतली. आधी माझा प्लग उपटला. मग एकेक डबा बाहेर ओढला आणि ठकीला दोन्ही हातांनी उचलून ओल्या पंच्यावर ठेवलं. तिने ठकीला खाली पडू दिलं नाही.

बाकीचे साप वाचले. ठकीच्या पोटाला मात्र मोठा फोड आला. कितीतरी दिवस ती खाईना. जगते की जाते, याचीच धाकधूक. मलमपट्टी मुक्तानेच केली. एकदा ती हळूच म्हणाली, "मी हात जोडून बसलंय आणि ती भाजत होती." पुढे ठकी जगली, पोटावर डाग घेऊन.

नंतर नवा थर्मोस्टॅट आला, आकडे दाखवणारा, बोट निसटलं तर ओरडणारा. मला कुणी दोष दिला नाही. नुसतं ड्रॉवरमध्ये टाकलं. इथे वीज नाही, काम नाही, आणि माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, एक विनंती ऐका. मुका जीव बोलत नाही आणि माझ्यासारखं यंत्र त्याचं बोट असेल तिथलंच सांगतं. म्हणून रोज स्वतःचा हात लावून बघत जा. आणि कधी एखादा जीव आपण होऊन तुमच्याकडे धावत आला, तर लगेच हात जोडू नका. आधी त्याच्या पाठीमागे काय तापलंय ते बघा.