काचेतला नमुना

“एका सॉससाठी इतके चमचे कोण खरकटे करतं?” धाकटी जाऊ नळापाशी पुटपुटली. पुटपुटली कसली, शेजारी उभ्या थोरलीला नीट ऐकू जाईल एवढ्या बेताने बोलली.

थोरलीने चमचा पुसला. “एकाची चव दुसऱ्याला लागली, तर तुलना कशी व्हायची?”

कारखान्याच्या मागच्या खोलीत, टेबलावर टोमॅटो सॉसचे चार नमुने मांडले होते. एकाच घाण्याचा सॉस पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बाटलीत, पाऊचमध्ये आणि काचेच्या बरणीत भरून उन्हाळाभर ठेवला होता. दुकानदार माल परत पाठवत होते. दोष कशात आहे, ते आज ठरायचं होतं. थोरली हल्ली डब्या-बाटल्यांच्या व्यापाऱ्याकडे कामाला होती, म्हणून दिराने तिलाच बोलावलं. काही झालं तरी घरचं माणूस, असं तो फोनवर म्हणाला. ‘घरचं’ हा शब्द ऐकला आणि तिने लगेच हो म्हटलं.

नवरा होता तोवर हा सॉस तीच शिजवायची. मंद आचेवर, पातेल्यापाशी स्टूल टाकून. तो गेल्यावर याच खोलीत दीर म्हणाला होता, “ढवळायला काय, कुणीही ढवळेल.” आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला होता.

तिने डब्यातला सॉस जिभेवर घेतला. करपट. मोठी आच, घाई, तळाला लागलेलं. तो कडवटपणा तिने चवीने गिळला.

“पत्र्याची चव उतरलीय,” ती म्हणाली. “टोमॅटोचा आंबटपणा पत्र्याला खातो, भावोजी.”

“मला वाटलंच होतं,” दीर म्हणाला. त्याला सगळं नंतर वाटायचं.

बाटलीतला चाखून ती म्हणाली, “प्लास्टिकमधून हवा शिरते. वरचा थर बघा, काळवंडलाय.” तेवढं खरंच होतं. पाऊचमधला चाखून तिने नाक मुरडलं. “याला चिकटवलेल्या थरांचा वास येतोय.”

“पण गेल्या खेपेला पाऊच तुम्हीच सांगितलेत ना, वहिनी?”

“त्याआधी बाटल्याही मीच सांगितल्या होत्या. आता काच घ्या. भरायचं यंत्र नवीन लागेल, फुटतूट होईल. पण काच ती काच.”

दीर मटकन खुर्चीत बसला. थोरलीने त्याला पाणी दिलं, अगदी मायेने.

“काचेतला चाखला नाहीस,” सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

“काचेला कसला दोष, आई? ती नुसती ताडून बघायला ठेवतात.”

“मग बघू की ताडून.”

सासूबाई उठल्या. एवढे धुतलेले चमचे सोडून त्यांनी सरळ बरणीत बोट बुडवलं आणि डोळे मिटून चाटलं.

“करपलाय.”

धाकटी नळ बंद करायला वळली. नळ बंदच होता.

“तुला हे पहिल्याच चमच्याला कळलं,” सासूबाई म्हणाल्या.

थोरली बरणीचं झाकण लावत होती. आटे बसत नव्हते. “हो,” ती म्हणाली. “पहिल्या खेपेपासून.”

“अहो वहिनी, मग बोलायचं नाही?” दिराचा आवाज चिरकला.

“का बोलेल ती?” सासूबाईंनी बोट फडक्याला पुसलं. ते स्वच्छ झालं तरी पुसत राहिल्या. “माझ्या लेकाचे कपडे अजून खुंटीवर होते आणि आपण हिला घालवलं. मी इथेच बसले होते.”